प्रस्तावना : रंगवलेला जिल्हा, न रंगवलेली वाडी

२०२१ या एकाच वर्षात महाराष्ट्राबद्दल दोन निकाल लागले. एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर मंडी आणि गुवाहाटी इथल्या आयआयटींनी व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने केलेला देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. हवामानबदलापुढे कोणते राज्य किती असुरक्षित आहे, याची ती क्रमवारी होती. झारखंड सर्वांत वर होते आणि महाराष्ट्र सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत कमी असुरक्षित. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या ‘कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर’ या संस्थेने जिल्हावार मूल्यमापन जाहीर केले. त्यात आसाम, आंध्र प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक आणि बिहार ही राज्ये सर्वाधिक असुरक्षित ठरली, आणि देशातल्या अतिअसुरक्षित जिल्ह्यांमध्ये सांगलीचे नाव आले. या दोन निकालांच्या मधल्या जुलै महिन्यात तळियेची दरड, चिपळूणचा पूर आणि पाटण खोऱ्यातल्या दरडी होऊन गेल्या होत्या.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते आणि दोन्हींचे गणित आपापल्या जागी बरोबर होते. पहिल्याने विचारले होते की, संकट घटकाभर बाजूला ठेवले तर ते सोसण्याची लोकांची ताकद किती? म्हणून त्याने दारिद्र्यरेषेखालची लोकसंख्या, अल्प व अत्यल्प भूधारक, कोरडवाहू क्षेत्र, पीकविम्याची व्याप्ती, रोजगार हमीची अंमलबजावणी, आरोग्य कर्मचारी, रस्ते आणि रेल्वे असे निकष मोजले. मुंबई-पुण्याची कमाई जमेला धरली की या कसोट्यांवर महाराष्ट्र झारखंडच्या पुष्कळ पुढे निघणार, यात नवल नाही. दुसऱ्या अभ्यासाने पूर, दुष्काळ आणि चक्रीवादळे यांच्या प्रत्यक्ष नोंदीही हिशेबात घेतल्या. मग ज्या राज्यात कोकण किनारा, कृष्णाकाठ आणि मराठवाडा तिन्ही आहेत, ते राज्य झपाट्याने वर सरकले. प्रश्न बदलला की नकाशाचा रंग बदलतो. असुरक्षिततेचा कोणताही नकाशा हाती घेताना त्याच्या निर्मात्यांनी नेमके काय विचारले होते हे आधी शोधावे लागते, ते एवढ्यासाठी.

हे प्रश्न कसे मांडावेत याबद्दल आता जगभर बरीच एकवाक्यता आहे. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१२ च्या विशेष अहवालात आणि पुढे २०१४ च्या पाचव्या मूल्यमापन अहवालात जोखमीचे तीन घटक वेगळे केले. पहिला घटक म्हणजे संकट : पाऊस, वारा, ऊन, गारा. दुसरा, संकटाच्या वाटेत काय आहे : वस्ती, उभे पीक, पूल, शाळा. तिसरा घटक वाटेत असलेल्यांची असुरक्षितता. घराची भिंत कशाची आहे, घरात म्हातारी माणसे आणि लेकरे किती, गाठीला पैसा किती, इशारा पोहोचतो का, आणि पोहोचलाच तर जायला जागा आहे का, हे सगळे त्यात येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३. हा फरक संकटातला. पण सांताक्रूझच्या त्याच पावसात सहाव्या मजल्यावरचे कुटुंब आणि मिठी नदीच्या काठावरच्या झोपडीतले कुटुंब यांच्या वाट्याला जे आले त्यातला फरक पावसाने केलेला नव्हता.

ओडिशाने हीच गोष्ट उलट बाजूने दाखवून दिली. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे अतितीव्र वादळ त्याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास थांबला. दरम्यान निवारे बांधले गेले होते, इशारा गावोगाव पोहोचू लागला होता आणि दहा लाखांच्या घरात लोकांना आधीच हलवले होते. समुद्र तोच होता, वाराही भयंकर होता, पण चौदा वर्षांत किनाऱ्यावरच्या माणसांची असुरक्षितता घटली होती. पाऊस कमी-जास्त करणे आपल्या हातात नाही, असुरक्षितता कमी करणे मात्र आहे. तिचा नकाशा काढण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.

महाराष्ट्राला असे नकाशे मुळीच नवे नाहीत. आपण त्यांना नकाशे म्हणत नाही, एवढेच. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर दुष्काळ ठरवण्याची रीत इंग्रजी अमदानीतल्या महसुली कारभारातून आली. जुनी माणसे अजून तिला आणेवारीच म्हणतात. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७३ मध्ये सुखटणकर समितीने अवर्षणप्रवण भागांचा विचार केला आणि १९८७ मध्ये सुब्रह्मण्यम समितीने तो विषय पुन्हा तपासला. नद्यांच्या काठी जलसंपदा विभागाच्या दोन रेषा आहेत. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पावसाच्या आकड्यांबरोबर उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा आणि भूजल हेही निकष आणले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. तालुका यादीत आला तर जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, टँकर. नाही आला तर यातले काहीच नाही. आपल्याकडे सीमारेषेच्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकातला कधीच नव्हता. तो घरातल्या चुलीपर्यंत पोहोचणारा प्रश्न होता आणि आहे.

देशपातळीवरच्या शास्त्रीय नकाशांची परंपराही आता पाव शतकाहून जुनी आहे. बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने, म्हणजे बीएमटीपीसीने, १९९७ मध्ये भारताचा असुरक्षितता अ‍ॅटलास काढला. २००६ आणि २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. भूकंप, वारा आणि पूर यांच्या नकाशांसोबत प्रत्येक जिल्ह्यातल्या घरांच्या भिंती कशाच्या आणि छपरे कशाची, याचे तक्ते हे त्याचे वैशिष्ट्य. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींनीच झोपेतली माणसे मारली होती, त्यामुळे मराठी वाचकाला या तक्त्यांचे मोल समजावून सांगायला नको. अतिवृष्टीतही वेगळे काही होत नाही. माळवदाची माती पाणी पिते, भार वाढतो आणि रात्रीतून भिंत बसते. पुढे हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१३ मध्ये ५७२ ग्रामीण जिल्ह्यांसाठी शेतीच्या असुरक्षिततेचा अ‍ॅटलास केला. जानेवारी २०२२ मध्ये हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने, जुन्या पुणेकरांच्या सिमला ऑफिसने, उष्णतेच्या लाटेपासून विजांपर्यंत आणि गारपिटीपासून धुक्यापर्यंत तेरा प्रकारच्या संकटांचा अ‍ॅटलास प्रसिद्ध केला. कोणत्या महिन्यात कोणत्या जिल्ह्याने कशासाठी सावध राहावे, हे त्यातून एका नजरेत कळते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर टेरी या संस्थेने राज्य सरकारसाठी केलेला आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेला अभ्यास महत्त्वाचा. त्याच्या जिल्हावार निर्देशांकात नंदुरबार सर्वाधिक असुरक्षित ठरला आणि सातारा सर्वांत कमी.

सातारा का सुटला, हे समजायला निर्देशांक कसा तयार होतो ते थोडे पाहावे लागते. पावसाची तफावत, साक्षरता, सिंचन, रस्ते, दवाखाने, बँका असे वेगवेगळ्या मापांचे आकडे आधी शून्य ते एक या एकाच पट्टीवर आणले जातात. मग त्यांना वजन देऊन, किंवा सर्वांना सारखे वजन देऊन, त्यांची सरासरी काढतात. आलेल्या आकड्यांचे चार-पाच गट पाडून प्रत्येक गटाला रंग देतात. या प्रत्येक पायरीवर एक निवड आहे. सरासरीत एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या बळाने भरून निघते. बँकेच्या शाखा भरपूर असल्या की डोंगरउतारावरची घरे कागदावर जरा सुरक्षित होतात. गट समान संख्येचे पाडले तर पाचातला एक भाग नेहमीच गडद लाल दिसणार, मग सगळे राज्य सुधारलेले असो की सगळे बिघडलेले. शिवाय रंग सांगतो तो शेजाऱ्याच्या तुलनेतला क्रम. फिक्या रंगाचा जिल्हा सुरक्षित असतो असे नाही. इतर त्याच्याहून वाईट आहेत, एवढेच त्यातून सिद्ध होते.

साताऱ्याच्या एकाच रंगात महाबळेश्वर आणि माण-खटाव दोन्ही बसतात. एकीकडे वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरचा पाऊस, दुसरीकडे टँकरची वाट पाहणारी गावे. २३ जुलै २०२१ रोजी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी घरे गाडली. निर्देशांकाने खोटे सांगितले नव्हते. त्याला विचारलेला प्रश्न जिल्ह्याच्या सरासरीचा होता, दरड मात्र सरासरीवर पडत नाही.

सांगलीची गोष्ट याहून बोलकी आहे. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे या जिल्ह्यातल्या मिरजेहून सुटत होती. ऑक्टोबर २०१८ च्या दुष्काळी यादीत याच जिल्ह्याचे जत आणि आटपाडी तालुके होते. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहरातल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे. ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली ती याच पुरात. जिल्हा एक, वर्ष जवळपास एक, आणि पूर्वेला छावणीतली जनावरे तर पश्चिमेला छपरावरची माणसे. अशा जिल्ह्याला ‘अतिअसुरक्षित’ म्हणणे बरोबरच आहे. पण जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर या एका शब्दाने काहीच हलत नाही. जतला पाणी हवे आहे आणि सांगलीवाडीला वेळेवर बोट. दोन्ही गरजा एका रंगातून वाचता येत नाहीत.

प्रशासकीय सीमा आणि जनगणना यांचाही यात मोठा वाटा असतो. बहुतेक निर्देशांक २०११ च्या जनगणनेवर उभे आहेत, कारण त्यानंतरचे जनगणनेचे आकडे त्यांच्या कर्त्यांना मिळालेच नाहीत. २०११ मध्ये पालघर जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या आकडेवारीत जव्हार-मोखाड्याचे कुपोषण ठाणे-कल्याणच्या सुबत्तेत मिसळून गेलेले दिसते. जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर कागदावर एक नवा असुरक्षित जिल्हा उगवला, पण जव्हारच्या पाड्यांवर त्या दिवशी काहीही बदलले नव्हते.

मग माप बारीक करावे, हे ओघाने येतेच. पण बारीक मापालाही मर्यादा आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० या प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर होतो, आणि चाळीस-पन्नास घरांची डोंगरावरची वाडी दोन-तीन मिलिमीटरच्या ठिपक्यात मावते. कोणते खोरे धोक्याचे, हे असा नकाशा चांगले सांगतो. कोणत्या घरामागचा उतार सुटणार, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे बचावपथकांना पायवाटेने डोंगर चढून जावे लागले आणि यंत्रे खालीच थांबली. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही दरडींखाली गेलेल्या वस्त्यांची नावे आता एका दमात घेतली जातात. तिन्ही ठिकाणी पाऊस बेफाट होता. पण इर्शाळवाडी ही आदिवासी ठाकरांची वाडी डोंगराच्या कुशीत एकटी का राहिली, तिथवर रस्ता का गेला नाही, आणि यादी करताना तिथे कोण चढून गेले होते, हे प्रश्न पावसाचे नाहीत.

शेतीत हाच पेच महसूल मंडळाच्या पातळीवर येतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि तेहतीस टक्क्यांहून अधिक पीक गेले की मदत. हे दोन आकडे मराठवाड्यातल्या कोणत्याही पारावर ऐकू येतात. राज्यात दोन हजारांवर महसूल मंडळे आहेत आणि २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाने मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. तालुक्याला एक पर्जन्यमापक होता त्या काळापेक्षा ही फार मोठी मजल आहे. तरीही ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. केंद्र असलेल्या गावी साठ मिलिमीटर आणि सात-आठ किलोमीटरवरच्या शिवारात शंभर, असे होते तेव्हा शेतकरी पंचनाम्याच्या आधीच हरलेला असतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने तर दाखवून दिले की एका गावाच्या अर्ध्या शिवारात द्राक्षबागेचे तार जमिनीला टेकतात आणि उरलेल्या अर्ध्यात बाग उभी राहते. विम्याच्या कंपन्या मात्र बहुतेकदा सगळ्या मंडळाला एकच आकडा लावतात.

काही माणसे तर कोणत्याच नकाशात सापडत नाहीत, कारण नकाशा त्यांना शोधतो तिथे ती नसतात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीचे कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि मागोमाग लहान मुले. मुकादमाची उचल घेतलेली ही कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडाकडेला कोप्यांमध्ये राहतात. जनगणनेत ती बीडची. अवकाळी पाऊस किंवा मार्चमधली उष्णतेची लाट येते तेव्हा ती कोल्हापूर किंवा बेळगाव जिल्ह्यात, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली. सिंचन, उत्पन्न आणि रस्ते पाहून ज्या तालुक्याला नकाशा फिका रंग देतो, त्याच तालुक्यात सहा महिने राज्यातली सर्वांत उघडी माणसे राहत असतात.

उष्णतेच्या बाबतीत तर संकटाचा आकडा आणि असुरक्षितता यांची फारकत जास्तच ठळक दिसते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा दरवर्षी बातम्यांत येतो. पण एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या खारघर इथे मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण मरण पावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन् तास उन्हात बसणे, एवढे पुरेसे ठरले. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. हे मृत्यू उष्माघाताच्या शिक्क्याने नोंदले गेले नव्हते. सर्व कारणांच्या मृत्यूंची रोजची संख्या एकापुढे एक ठेवली तेव्हा ते उघड झाले. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा उभा राहिला आणि पुढे नागपूरसह इतर शहरांनी ती वाट धरली. मृत्यूची नोंद नीट नसेल तर असुरक्षिततेचा नकाशा गरीब वस्त्यांवर पांढरा राहतो, आणि पांढरा भाग म्हणजे धोका नाही, असा अर्थ मंत्रालयात सहज निघतो.

नकाशातली दुसरी अडचण काळाची. पूररेषा, वाऱ्याचे पट्टे, अवर्षणप्रवण तालुके ही सगळी मागच्या नोंदींवरून काढलेली अनुमाने आहेत. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन महापूर आले. शंभर वर्षांतून एकदा हे शब्द सांगलीकरांना आता थट्टेसारखे वाटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनाने दाखवले आहे की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळे त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, परंडा या भागांत हाहाकार केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावापुढे दुष्काळी हाच शब्द लागला होता त्या गावांत होड्या आणाव्या लागल्या. दुष्काळाच्या तयारीत मुरलेल्या तालुक्यात पुराची तयारी कोणी केली नव्हती, कारण त्यांच्या नकाशाचा रंगच वेगळा होता.

नुकसान किती काळ टिकते, हेही या नकाशांत सहसा येत नाही. सोयाबीन गेले तर पुढच्या खरिपात पुन्हा पेरता येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावली की सुपारी हाती यायला सात-आठ वर्षे जातात. सीनेकाठी जमीनच खरवडून गेली, तिथे पुन्हा काळी माती कशी यायची? हेक्टरी मदतीचा आकडा दोन्ही ठिकाणी एकाच तक्त्यातून निघतो. सावरायला लागणारी वर्षे हा असुरक्षिततेचा सगळ्यात खरा निकष आहे, आणि तोच सर्वांत कमी मोजला जातो.

या सगळ्यावर उपाय म्हणून केवळ अधिक उपग्रह मागणे पुरेसे नाही. महाराष्ट्रातल्या नद्यांकाठी लोकांची स्वतःची मोजमापे आहेत. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत की गळ्यापर्यंत, असा सांगतात. पुण्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की मुठेत किती सोडले असेल याचा अंदाज रस्त्यावरचा माणूस बांधतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याच्या एकोणचाळीस आणि त्रेचाळीस फुटांवर सगळे शहर कान देऊन असते. सांगलीत आयर्विनचा आकडा चढू लागला की सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरमधली माणसे आधी सामान माळ्यावर टाकतात, मग निघतात. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाच्या गोठ्यात किती जनावरे आहेत, हे या गल्ल्यांना पाठ असते. ही माहिती कोणत्याही निर्देशांकापेक्षा बारीक आहे, पण ती कुठेच लिहिलेली नाही. शास्त्रीय नकाशाला खोऱ्याचे भान असते आणि गावाला घराचे. दोघांची गाठ घालून देणे हे या क्षेत्रातले पुढचे मोठे काम आहे. ते प्रयोगशाळेत होणार नाही, ग्रामसभेत आणि वॉर्डातच व्हायला हवे.

नकाशाची भीती बाळगणारेही आहेत आणि त्यांची भीती पोकळ नाही. पूररेषेत आलेल्या प्लॉटचा भाव पडतो, बांधकाम परवानगी अडते. मग रेषा सरकवण्यासाठी वजन वापरले जाते, आणि ज्यांचे वजन नसते त्यांच्या अंगणातून रेषा जाते. दरडप्रवण ठरलेल्या वाडीला खाली आणायचे, तर शेत, जंगल आणि रोजची मजुरी वर राहते आणि माणूस खाली पत्र्याच्या शेडमध्ये. पुनर्वसनाच्या नावाखाली माणसे उठवली आणि पोटापाण्याचे पाहिले नाही, तर एका असुरक्षिततेच्या जागी दुसरी आली, एवढेच. म्हणून नकाशा जाहीर असावा, त्याचे निकष जाहीर असावेत, आणि त्यावर हरकत घेण्याचा हक्क वाडीतल्या माणसालाही असावा. बंद कपाटातला नकाशा सत्तेच्या हातातले हत्यार होतो. भिंतीवर लावलेल्या नकाशावरून लोक अधिकाऱ्याला जाब विचारू शकतात.

हे पुस्तक उघडणाऱ्या वाचकाने प्रत्येक नकाशापाशी तीन प्रश्न सोबत ठेवावेत. हा रंग नेमका कशाचा आहे : पावसाचा, वाटेत असलेल्या वस्तीचा, की माणसांच्या दुबळेपणाचा? या एका रंगाखाली कोणकोणती वेगवेगळी माणसे एकत्र कोंबली आहेत? आणि हा रंग पाहून उद्या सकाळी कोणी काय करायचे आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे संशोधक देतील. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक अहवालांत नसते आणि ते मिळवायची जबाबदारी वाचकाची, म्हणजे नागरिकाची आहे. रंग भरून झाला आणि त्यासोबत कोणाचेही काम ठरले नाही, तर तो नकाशा पुढच्या दुर्घटनेनंतर दाखवायचा पुरावा एवढाच उरतो.

काम ठरवणे अशक्य नाही. लाल पूररेषेतल्या प्रत्येक गल्लीसाठी बोट कुठून येणार आणि शाळेची कोणती खोली उघडायची, हे मे महिन्यात लिहून ठेवता येते. डोंगरावरच्या प्रत्येक वाडीत एक साधा पर्जन्यमापक आणि तो वाचणारी दोन माणसे ठेवता येतात. किती मिलिमीटरला वाडी रिकामी करायची, तो आकडा आधी ठरवता येतो. ऊसतोडीच्या कोप्यांची नोंद कारखान्याच्या गट कार्यालयाकडून घेता येते. उन्हाळ्यात मजुरांच्या कामाची वेळ बदलता येते. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो पावसाच्या आधी घेतलेला निर्णय आणि त्याखाली सही करणारा अधिकारी.

तेव्हा एक विनंती. आपल्या गावाचा, वॉर्डाचा पूररेषेचा नकाशा, दरडप्रवण गावांची यादी आणि तालुक्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे मागा. त्यात आपली वाडी, आपली गल्ली आहे का ते पाहा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून ती घालायला लावा, आणि असेल तर तिच्यापुढे जबाबदार माणसाचे नाव आणि फोन नंबर लिहिला आहे का, ते विचारा. ही विचारपूस जूनच्या पहिल्या पावसाआधी करा.